बोलकं पुस्तक, चौदा अध्याय: आवाजाची पातळी मोजतानाच्या प्रकल्प नोंदी

काम: मराठी बोलक्या पुस्तकाचे १४ अध्याय, त्यांचीच पॉडकास्ट आवृत्ती आणि टीव्हीसाठी ३० सेकंदांचा एक प्रोमो. रेकॉर्डिंग दादरला रुळांच्या बाजूच्या खोलीत, एक माइक, मोनो, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. संपादन ऑडॅसिटी आणि रीपर या प्रोग्रॅममध्ये, तपासणी एफएफएमपेग या प्रोग्रॅमवर.

३ जून

सगळे अध्याय पीक (सगळ्यात उंच शिखर) −१ डेसिबलला नॉर्मलाइझ होऊन आले आहेत; फाइलमध्ये ० ही वरची हद्द, म्हणून आकडे उणे. म्हणजे कागदावर चौदाही सारखे. ऐकायला लागलं की तिसरा अंगावर येतो आणि चौथ्याला कान लावावा लागतो.

कारण चौथ्याच्या वेव्हफॉर्ममध्येच दिसतं. ६ मिनिटं १२ सेकंदांवर टेबलाला हात लागल्याचा एक ठोका आहे. तो −१ ला टेकतो, बाकी संपूर्ण वाचन −८ च्या वर जात नाही. पीक नॉर्मलाइझ फक्त सगळ्यात उंच सॅम्पल (लाटेवर मोजलेला एक बिंदू) बघतं, त्यामुळे एका ठोक्याने २२ मिनिटांचं वाचन खाली दाबलं. तो ठोका (साधारण ८० मिलिसेकंद) निवडून ९ डेसिबलने उतरवला, मग पूर्ण अध्याय ६.८ ने चढवला. आता पीक −१.२ आणि आवाज तिसऱ्याच्या जोडीचा.

दुसरी भानगड मोठी आहे. तिसऱ्या अध्यायाची तीच फाइल तीन ठिकाणी मोजली:
ऑडॅसिटी, मेझर आरएमएस (लाटेच्या ऊर्जेची सरासरी पातळी): −२२.६
एफएफएमपेग, ईबीयू आर १२८ (युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनचं लाउडनेसचं मानक) फिल्टर: −२०.८ एलयूएफएस (लाउडनेसचं, म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप)
रीपरमधला लाउडनेस मीटर: −१७.८ एलयूएफएस

फाइल एक, आकडे तीन, आणि त्यांत जवळजवळ ५ डेसिबलचं अंतर. हे सुटल्याशिवाय कुठल्याही अध्यायाला हात लावायचा नाही असं ठरवलं. फाइलआधी मीटर तपासायचे.

५ जून

ज्याचं उत्तर हिशेबाने आधीच माहीत आहे असा सूर बनवला: साइन, ९९७ हर्ट्झ, अँप्लिट्यूड ०.१, मोनो, २० सेकंद. ऑडॅसिटीच्या टोन जनरेटरमध्ये अँप्लिट्यूड ०.८ भरलेलं असतं, ते बदलायला विसरलं की सूर −१.९ वर जातो आणि पुढचा सगळा हिशेब १८ डेसिबलने चुकतो.

१००० न घेता ९९७ घेण्याला कारण आहे. ४८ किलोहर्ट्झला १००० हर्ट्झच्या एका आवर्तनात बरोबर ४८ सॅम्पल बसतात, म्हणजे लाटेवरचे तेच ४८ बिंदू पुन्हा पुन्हा मोजले जातात. ९९७ तसा नीट बसत नाही, त्यामुळे लाटेचा कोपरा न् कोपरा मोजला जातो.

यायला हवेत ते आकडे: पीक −२०, कारण अँप्लिट्यूड दहावा भाग म्हणजे २० डेसिबल खाली. आरएमएस −२३.०१, कारण साइनचं आरएमएस तिच्या शिखरापेक्षा ३.०१ खाली असतं. एका चॅनेलला एलयूएफएसही −२३.०.

ऑडॅसिटी आणि एफएफएमपेग दोन्ही पास. एक सावधगिरी: काही प्रोग्रॅम आरएमएस दाखवताना पूर्ण उंचीची साइन म्हणजे ० डेसिबल असं धरतात. ऑडिशनमध्ये ही निवडच समोर असते, शून्य साइनवर धरायचं की चौकोनी लाटेवर. साइनवर ठेवलं तर हाच सूर −२० दाखवतो. म्हणून दुसऱ्या स्टुडिओने नुसतं ‘आरएमएस −२०’ असं कळवलं तर आधी विचारायचं, शून्य कशावर धरलंय.

रीपरने −२०.० दाखवलं. इथेही तेच ३, म्हणजे फाइलचा दोष नाही.

६ जून

३ चा उलगडा. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या बीएस.१७७० पद्धतीत (एलयूएफएस याच पद्धतीने काढतात; पहिली आवृत्ती २००६) चॅनेलांची सरासरी काढत नाहीत, ऊर्जेची बेरीज करतात. एका स्पीकरमधून येणारा सूर दोन स्पीकरमधून आला तर ऊर्जा दुप्पट, म्हणजे ३.०१ डेसिबल वर. एफएफएमपेगने मोनो फाइल एकच चॅनेल म्हणून मोजली. रीपरमध्ये मोनो फाइल स्टिरिओ ट्रॅकवर टाकली की ती डाव्या-उजव्या दोन्हीकडे पूर्ण जाते आणि मीटरला दोन चॅनेल दिसतात. पॅन लॉ (आवाज मध्यभागी असताना तो किती उतरवायचा तो नियम) −३ ठेवला असता तर हा फरक झाकला गेला असता आणि मग कारण शोधताना आणखी फजिती.

दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर. पण ऐकणाऱ्याच्या फोनवर मोनो फाइल दोन्ही कानांत वाजते, म्हणून या कामात सगळीकडे दुहेरी मोनो धरायचं. ऑडॅसिटीच्या लाउडनेस नॉर्मलायझेशनमध्ये ‘मोनोला दुहेरी मोनो समजा’ ही खूण असते, ती असू द्यायची. एफएफएमपेगमध्ये ड्युअल मोनो मुद्दाम चालू करावं लागतं, आपोआप ते बंद असतं. इथे चूक झाली तर −१६ (पॉडकास्टचं लक्ष्य) मागणाऱ्याला −१३ ची फाइल जाते.

५.१ चं (पाच चॅनेल आणि एक घुमणारा) काम सध्या नाही, तरी लिहून ठेवतो: मागच्या दोन चॅनेलांना १.४१ पट वजन मिळतं, आणि घुमणाऱ्या एलएफई चॅनेलची मोजणीच होत नाही.

१० जून

आता आरएमएस आणि एलयूएफएसमधला फरक. आरएमएसला कान नसतो. एलयूएफएसच्या आधी आवाज दोन गाळण्यांतून जातो, त्यांना मिळून के-वेटिंग म्हणतात. पहिली वरच्या पट्टीला साधारण ४ डेसिबल उचलते, डोक्याच्या आकाराचा परिणाम म्हणून. दुसरी खालचा भाग उतरवते. ९९७ हर्ट्झवर या दोन्हींची मिळून ०.६९१ ची भर पडते, ती सूत्रातल्या −०.६९१ ने परत काढून घेतात. म्हणून ५ तारखेला आरएमएस आणि एलयूएफएस जुळले. दुसऱ्या सुरावर ते जुळत नाहीत.

तीच उंची ठेवून सूर बदलला, एका चॅनेलवर:
५० हर्ट्झ: आरएमएस −२३.०, एलयूएफएस −२७.७
१० किलोहर्ट्झ: आरएमएस −२३.०, एलयूएफएस −१९.७

पीक तेच, आरएमएस तेच, आणि लाउडनेसमध्ये ८ चा फरक.

याचा उपयोग लगेच झाला. बाकीच्या अध्यायांत एका चॅनेलचा एलयूएफएस आरएमएसपेक्षा १.८ च्या आसपास वर आहे. सातव्यात हे अंतर १.१. म्हणजे आरएमएसला काहीतरी जड दिसतंय जे के-वेटिंग सोडून देतंय. स्पेक्ट्रम काढला तर ५० हर्ट्झवर सुळका, १०० आणि १५० वर त्याची पिल्लं. वाचनातल्या विरामांचं आरएमएस −३०, बाकी अध्यायांत ते −६२ आहे. लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरवर हे कोणालाच ऐकू आलं नाही, कारण ते स्पीकर ५० हर्ट्झ वाजवतच नाहीत. हेडफोन लावल्यावर गुणगुण स्पष्ट. त्या दिवशी लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीच्या सॉकेटवर आणि माइकचा मिक्सर दुसऱ्या, अर्थिंगमधून वर्तुळ झालं. यापुढे दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर.

दुरुस्ती: हाय-पास (खालचे सूर उतरवणारी गाळणी) ८० हर्ट्झ. उतार २४ डेसिबल प्रति ऑक्टेव्ह (वारंवारता अर्धी होईपर्यंत) ठेवला तर ५० हर्ट्झ फक्त १६ डेसिबलने उतरतो, म्हणजे −४६, उपयोग नाही. ४८ ने जवळजवळ ३३ उतरतो. १०० हर्ट्झवर, जिथे पुरुषी आवाजाचा पाया असतो, तिथे पाव डेसिबलही जात नाही. १०० आणि १५० वर अरुंद नॉच (तेवढाच सूर कापणाऱ्या गाळण्या) वेगळे. विराम आता −६१ वर आणि अंतर परत १.८.

१४ जून

विरामांचा प्रश्न. ५ तारखेच्या सुराला २० सेकंदांची शांतता जोडली. आरएमएस −२६.० वर घसरलं, एलयूएफएस −२३.० वरच.

एलयूएफएसमध्ये गेट आहे. आवाजाचे ४०० मिलिसेकंदांचे तुकडे पडतात, दर १०० मिलिसेकंदांनी नवा, म्हणजे शेजारचे तुकडे पाऊण भाग एकमेकांवर चढलेले. −७० च्या खालचे तुकडे आधीच बाद. उरलेल्यांची सरासरी काढायची, तिच्यापेक्षा १० एलयू (एक एलयू म्हणजे लाउडनेसचा एक डेसिबल) खाली दुसरी रेघ मारायची, त्या रेघेखालचेही बाद, आणि उरलेल्यांची पुन्हा सरासरी. हे गेट २०११ च्या बीएस.१७७०-२ पासून आलं. जुन्या मीटरमध्ये ते नसतं, म्हणून जुन्या प्लगइनचा आकडा विरामांच्या फाइलवर नेहमी खाली येतो.

युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनची एक चाचणी छान आहे. स्टिरिओ सूर, १० सेकंद −३६, मग ६० सेकंद −२३, पुन्हा १० सेकंद −३६. उत्तर −२३.० यायला हवं. हिशेब हातानेही जमतो: सगळ्याची सरासरी −२४.२, रेघ −३४.२, दोन्ही टोकं तिच्याखाली, बाद. −२४.२ दाखवणाऱ्या मीटरमध्ये गेट नाही. खोलीतले तीनही मीटर यात पास.

आता मेख. ऑडिओबुकवाले (एसीएक्स ही वितरण सेवा) आरएमएस मागतात, −२३ ते −१८ च्या मध्ये, आणि आरएमएसला गेट नाही. एखाद्या अध्यायात ३० टक्के विराम असले तर त्याचं आरएमएस दीड डेसिबलने खाली दिसतं. ते ठराविक आकड्याला आणलं की वाचकाचा आवाज इतर अध्यायांपेक्षा दीड डेसिबल चढा होतो. पाचवा आणि बारावा, दोन्ही कवितांचे, असेच आहेत. म्हणून अध्याय एकमेकांशी एलयूएफएसवर जुळवायचे, आणि मग सगळ्यांना एकच गेन देऊन आरएमएसच्या पट्ट्यात बसवायचं. उलट क्रमाने नाही.

२० जून

अकरावा अध्याय पावसात रेकॉर्ड झाला. खिडकीवरच्या पत्र्यावर सरी कोसळतायत आणि वाचन चालू. मीटर म्हणतो बाकीच्यांसारखाच, कान म्हणतो आवाज चढलाय.

गेट इथे फसतं. वाचन −२०, विरामात पाऊस −२८, विराम ३० टक्के असं धरा. सरासरी −२१.३, रेघ −३१.३. पाऊस रेघेच्या वर आहे, त्यामुळे विरामही मोजणीत शिरतात आणि उत्तर −२१.३ येतं. कोरड्या खोलीत विराम −५५ वर असते तर ते बाद होऊन उत्तर −२०.० आलं असतं. मग लक्ष्याला आणताना पावसाच्या अध्यायाला १.३ ची फुकट चढाई मिळते, त्यात पाऊसही चढतो. शब्द आणि मागचा गलका यांत १० एलयूहून कमी अंतर असेल तर इंटिग्रेटेड (पूर्ण फाइलच्या) आकड्यावर विसंबायचं नाही. फक्त बोलण्याची सलग १५–२० सेकंदं निवडून मोजायची, आणि तसल्याच चार तुकड्यांवरून गेन ठरवायचा. अकराव्याचा गेन १.२ ने कमी केला. पाऊस मात्र राहिलाच. नॉइज रिडक्शन १२ डेसिबलला लावलं तर ‘स’ आणि ‘श’ पाण्यात बुडाल्यासारखे येतात, ६ ला ठीक. खरा उपाय पुनर्रेकॉर्डिंग, ते विचारलं आहे.

लोकल जाते तेव्हाचे तुकडे वेगळे. तो घरघराट खालच्या पट्टीचा, हाय-पासने बराच जातो. कुकरच्या शिट्टीचं उलटं. ती वरच्या पट्टीची, म्हणून के-वेटिंग तिला उचलूनच धरतं. आणि गेट फक्त शांत तुकडे काढतं, मोठे कधीच नाही. शिट्ट्या हातानेच कापल्या.

२४ जून

ट्रू पीक. चार सॅम्पलांची फाइल पुन्हा पुन्हा जोडून केली: ०.५, ०.५, −०.५, −०.५. सॅम्पल पीक −६.०२. पण हे बिंदू ज्या लाटेवर बसतात तिचं शिखर दोन बिंदूंच्या मधोमध ०.७०७ वर आहे, म्हणजे −३.०१. साधा पीक मीटर ३ डेसिबल कमी सांगतो. ट्रू पीक मीटर चौपट सॅम्पल काढून मधलं शिखर शोधतो. आमच्याकडे तो −३.० दाखवतो.

बोलण्यात इतकी वाईट गत येत नाही, ०.३ ते ०.८ चा फरक दिसला. पण एमपी३ झाल्यावर शिखरं आणखी हलतात. लिमिटर (ठरलेल्या रेघेवर शिखरं अडवणारा) −१.० ला लावून १२८ केबीपीएसचा एमपी३ केला, परत उघडून मोजला तर नवव्या अध्यायात −०.२. डब्ल्यूएव्ही मोजून फाइल पाठवायची नाही. एमपी३ करायचा, उघडायचा, मोजायचा.

ऑडॅसिटीबद्दल आणखी एक: लाउडनेस नॉर्मलायझेशन लिमिटर लावत नाही. पीक शून्याच्या वर गेलं तरी आत ३२ बिट फ्लोट असल्याने काही फाटत नाही, वेव्हफॉर्म खाली घेतला की परत मिळतो. १६ बिटला एक्स्पोर्ट केलं की मात्र कायमचा फाटला. शिवाय ते आधीचा आकडा दाखवत नाही, नुसतं करून मोकळं होतं. मोजायला दुसरा मीटर लागतोच.

२७ जून

एफएफएमपेगच्या लाउडनॉर्म या फिल्टरने सगळे अध्याय एका झटक्यात काढायचा बेत होता. निघालेल्या फाइली चौपट मोठ्या, १९२ किलोहर्ट्झच्या. शिवाय वाचन संपता संपता श्वासाचा आवाज वर येतो, म्हणजे आवाज चालता चालता खालीवर केला जातोय.

दोन्हींचं मूळ एकच. लाउडनॉर्म सरळ एक गेन देण्याऐवजी डायनॅमिक पद्धतीत गेलं, आणि त्या पद्धतीत ते १९२ ला चढवून काम करतं. एकदाच चालवलं तर ते असंच करणार. दोनदा चालवून पहिल्या फेरीचे आकडे दुसरीला दिले तरी दोन अटी आहेत. मागितलेली लाउडनेस रेंज मूळ फाइलपेक्षा कमी नसावी, आणि गेन दिल्यावर पीक मागितलेल्या मर्यादेत बसावं. नाहीतर ते न सांगता पुन्हा डायनॅमिकला जातं.

तिसऱ्या अध्यायाला दोन्ही अटी मोडत होत्या. रेंज ८.३ एलयू, आणि न सांगता मागणी ७ ची धरली जाते. गेन १.८ हवा, पीक आधीच −१, म्हणजे +०.८ होणार. उपाय: रेंजची मागणी ११ केली, आधी लिमिटर −४ ला (फक्त काही ‘प’ आणि ‘भ’ चे फटके कापले गेले), मग दुसरी फेरी. सॅम्पल रेट ४८ स्पष्ट लिहिला. आता पीक −२.२, इंटिग्रेटेड −१६.०.

रेंज म्हणजे काय तेही लिहून ठेवू: ३ सेकंदांच्या तुकड्यांचा लाउडनेस, सरासरीच्या २० एलयू खालचे बाद, उरलेल्यांत १० आणि ९५ टक्क्यांमधलं अंतर. एखादी किंकाळी किंवा एखादी कुजबुज त्यात मोजली जात नाही.

१ जुलै

प्रोमो. ३ सेकंदांची धून −१० वर, २७ सेकंद निवेदन −२० वर. इंटिग्रेटेड −१७.२ येतो, कारण धुनीच्या ३ सेकंदांत निवेदनाच्या २७ सेकंदांपेक्षा जास्त ऊर्जा आहे. टीव्हीसाठी −२३ ला आणला तर निवेदन −२५.८ वर पडतं आणि नेमकं पुस्तकाचं नाव हरवतं. हीच धून १० सेकंदांची करून २० मिनिटांच्या अध्यायात घातली असती तर फरक ०.३ चा. छोट्या फाइलीत इंटिग्रेटेडबरोबर ३ सेकंदांचा शॉर्ट-टर्म कमाल आकडा पाहायचा. धून ६ ने उतरवली आणि मिक्स पुन्हा −२३ ला.

जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा असं केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मध्ये आहे, पण त्यात आकडा नाही. चॅनेलच्या तांत्रिक पत्रकातला आकडा पाळायचा. आमच्या पत्रकात −२३ आणि ट्रू पीक −१, म्हणजे २०१० च्या आर १२८ चेच.

४ जुलै

‘फोनवरच्या डेसिबल ॲपमध्ये ६८ येतात, मग −१६ कसे?’ असा प्रश्न आला. दोन वेगळी मापं आहेत. ॲप हवेतला दाब मोजतं, तोही ए-वेटिंगने (कानाला कमी ऐकू येणारे सूर कमी धरून). गणपतीत लाउडस्पीकरला लागू होणारे निवासी भागाचे दिवसाचे ५५ आणि रात्रीचे ४५ डेसिबल त्याच मापातले. एलयूएफएस फाइलमध्ये असतो आणि स्पीकरचं बटण किती फिरवलंय हे त्याला माहीत नसतं. मात्र ऐकून निर्णय घेताना बटण एका जागी असायला हवं. पिंक नॉइज (सगळ्या पट्ट्यांचा सारखा खरखराट) −२० आरएमएस लावून बसायच्या जागी, एका स्पीकरवर, सी-वेटिंगने (खालचे सूरही जवळपास पूर्ण धरून) ७४ येईल तिथे बटणाला पांढऱ्या रंगाची खूण केली. ती खूण सोडून कोणी मिक्स करायचं नाही.

८ जुलै

पॉडकास्ट: १४ पैकी १३ तयार, −१६ ± ०.५, ट्रू पीक −१.५ च्या खाली, एमपी३ उघडून मोजलेले.

ऑडिओबुक: मोनो, ४४.१ किलोहर्ट्झ, १९२ केबीपीएस. मागणी पीक −३ आणि शांततेचं आरएमएस −६० च्या खाली. पहिल्यांदा आरएमएस −२० ला नेलं, २.६ चा गेन पडला, आणि −६२ ची शांतता −५९.४ होऊन परत आली. गेन वाचनाला देतो तेवढाच खोलीच्या पंख्यालाही मिळतो. लक्ष्य −२१.५ केलं, गेन १.१, शांतता −६०.९. पट्टा −२३ पर्यंत आहे तर मध्यावर बसायचा हट्ट कशाला. सातव्याची शांतता −६१ होती, तिथे ०.१ चीही सोय नाही, म्हणून त्याच्या विरामांवर ३ डेसिबलचा हलका एक्स्पांडर (शांत भाग आणखी उतरवणारा).

अकरावा बाकी. पुनर्रेकॉर्डिंग १२ तारखेला, पाऊस नसेल तर.